अर्धा प्याला

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची चहाची किटली आहे. मर्गिलान शहराच्या बाजारातून खोसियतआपांनी मला घरी आणलं. पुढे माझी तोटी फुटली, पण त्यांनी मला टाकलं नाही. कारागिराकडून पत्र्याची नवी तोटी बसवून घेतली. त्या पत्र्याच्या नाकाचा मला फार ताठा होता.

मग घरात थर्मास आला. लालभडक, डोक्यावरचं बटण दाबलं की चहा ओतणारा! माझी रवानगी फडताळात झाली. तिथून त्याला मिरवताना बघून माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एकदा आपांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल देताना घशात नळी घातली होती. त्या घरी आल्या तेव्हा घसा सोलवटलेला, आवाज बसलेला. खोकला आला की टाक्यांतून कळ यायची. डॉक्टर म्हणाले, कोमट काढा घोट घोट घ्या. सुनेनं, ओयदिननं, बाबुन्याची औषधी फुलं आणि बिही फळाच्या बुळबुळीत बिया घालून काढा केला. आणि ठेवला कुठे? त्या लाल्याच्या पोटात!

तिनं बटण दाबलं. प्याला काठोकाठ भरला. आपांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"घ्या ना, ओयी," सासूला आई म्हणून हाक मारत ती म्हणाली. "घसा मऊ पडेल."

"नको असलेल्या पाहुण्याला देतात असा भरून," आपा घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "पी आणि चालायला लाग म्हणून. कळलं मला. सासू जड झाली."

"अहो, काहीतरीच काय! हा मेला भसाभसा ओततो, मी काय करू?"

आमच्याकडे आपल्या माणसाला अर्धाच प्याला देतात. मग पुन्हा भरायला जवळ बसावं लागतं. आपांनी दिवसभर घोट घेतला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, मला आनंदच झाला.

संध्याकाळी ओयदिननं मला काढून घासलं. काढा माझ्यात ओतला. रीतीप्रमाणे तीनदा प्याल्यात काढून परत माझ्यात ओतला, तोवर तो कोमट झाला. मग अर्धा प्याला भरून ती सासूजवळ बसली.

"ही नकटी अजून आहे होय?" आपा हसल्या आणि प्यायल्या. "आणखी दे."

"मागाल तितका."

मी थर्मासकडे बघून नाक वर केलं.

हळूहळू आपांचा घसा सुटला. शेजारणी भेटायला आल्या, तेव्हा आपांचा पहिला खणखणीत आवाज मी ऐकला. "ओयदिन, थर्मास आण गं! एवढ्या जणींना ही म्हातारी कुठली पुरायला?"

जळले मी, मित्रांनो. अजून जळते. तरी एक सांगते. आजाऱ्याला काढा थर्मासमधून दिलात तरी माझी हरकत नाही. हरकत आहे, पण द्या. प्याला मात्र अर्धाच भरा, आणि तो संपेपर्यंत तिथून उठू नका.