तोच ससाणा, तीच पाठ

मित्रांनो, मी एक जुनं घुबड आहे. लाकडाचं. पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरकड्यावर, उंच काठीच्या टोकाला बसून मार खाणं हे माझं काम. आता खरंच दमलो आहे.

शरद ऋतूत ससाणे आणि गरुड उत्तरेकडून दक्षिणेला निघतात, आणि इथली माणसं दिवसभर खुर्च्या टाकून ते मोजतात. पक्षी जातात फार उंचावरून. ओळखायचे कसे? मग मला उभं करायचं. रात्री घुबड ससाण्यांची पिल्लं पळवतं, म्हणून दिवसा घुबड दिसलं की ससाणे चवताळून खाली येतात. अहो, मी कधी कुणाचं पिल्लू पळवलं? पण नख्या ऐकून घेतात थोड्याच!

मला विल्मरने तरुणपणी घडवलं. डोळ्यांना त्याने आईच्या जुन्या कोटाची बटणं लावली. कड्यावरची पहिली खुर्ची त्याचीच. इतरांना नुसतं आभाळ दिसे तेव्हा तो पक्ष्याचं नाव सांगून मोकळा होई. धाकटी बहीण व्हर्ना शेजारी मोजणीचं यंत्र घेऊन बसे. तो म्हणे, "छोटा ससाणा. दाब!" आणि ती खटका दाबे. लोक त्याची वाहवा करत, माझ्यासोबत फोटो काढत. हिवाळा आला की मी गोणीत. एका वर्षी उंदरांनी माझा कान कुरतडला, कुणाला पत्ता नाही.

मग ती सकाळ आली. एका छोट्या ससाण्याने माझ्या पाठीत नख्या रोवल्या आणि तो दक्षिणेकडे गेला.

"दाब!" विल्मर म्हणाला.

ससाणा पाइनच्या झाडांमागून वळसा घालून परत आला. पुन्हा पाठीत.

"आणखी एक! दाब! आज रांगच लागलीय!"

तोच होता हो. शेपटीत एक पीस कमी असलेला. मार मी खात होतो, मला नाही कळणार? शेजारच्या खुर्चीतला क्लेटस कॉफीच्या कपात बघत बसला. एक पक्षी दोनदा मोजणं इथे पाप समजतात. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी? ससाणा तिसऱ्यांदा आला तेव्हा व्हर्नाचा अंगठा थांबला.

"दादा, तोच आहे रे. शेपटी बघ."

"मला शिकवतेस? तुझा शेंबूड पुसत पुसत तुला पक्षी शिकवले मी!"

"तू शिकवलंस म्हणूनच दिसतंय. दादा, तुला दिसते का शेपटी?"

विल्मरने दुर्बीण उचलली आणि माझ्यावर रोखली. बराच वेळ बघत राहिला. मी तर इथेच होतो, हाकेच्याही अलीकडे.

"घुबड दिसतंय," तो हळूच म्हणाला. "त्याचे डोळे नाही दिसत."

व्हर्ना रडायला लागली.

"रडू नकोस. सकाळपासूनचे छोटे ससाणे सगळे वजा कर. कालचेही."

दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही. क्लेटसने मला उभं केलं, पण वारा आला की मी कलंडायचो. एकही ससाणा फिरकला नाही. मार चुकला म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला विल्मर हवा होता.

शेवटी क्लेटस त्याला घेऊन आला. "बाबा रे, तुझं घुबड माझ्या हाताखाली दारुड्यासारखं झुलतंय. ये आणि समजाव त्याला."

"तुला साधी काठी रोवता येत नाही, गाढवा," विल्मर म्हणाला आणि चाचपडत काठीच्या बुडाशी दगड रचू लागला. मग त्याने मला खाली घेतलं, माझ्या पाठीवरून बोटं फिरवली. "किती मारलंय रे तुला," म्हणाला. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

व्हर्नाने त्याची खुर्ची जिथल्या तिथेच ठेवली होती. आता नावं ती सांगते, खटका तो दाबतो.

मित्रांनो, मला रंग नको, हार नको. हिवाळ्यात गोणी उंदरांपासून जपा, पुरे. आणि घरातलं म्हातारं माणूस चुकलं तर खरं सांगा, तोंडावर सांगा. पण त्याची खुर्ची हलवू नका. आत्ताच माझ्या पाठीत पुन्हा नख्या बसल्या.

"कोण गं?" खालून विल्मर विचारतोय.

"तोच, दादा."

त्याने अंगठा उचलून घेतलाय.