तिसरी खाच

मी एक जुना चक आहे, आणि मोडीत जायला माझी अजिबात तयारी नाही. हे आधीच सांगून टाकलेले बरे.

मित्रांनो, लेथ म्हणजे लोखंड कापून त्याला गोल आकार देणारे यंत्र. त्याच्या तोंडाशी मी बसतो, तीन जबड्यांत कांब घट्ट धरतो आणि तिला घेऊन गरगर फिरतो. एका चावीने माझे तिन्ही जबडे एकदम सरकतात. मात्र ते बसवण्याचा क्रम ठरलेला आहे. तो चुकला, की जबडे मधोमध भेटत नाहीत आणि कांब वेडीवाकडी नाचते.

माझे मालक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे कारागीर. नोकरी संपल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीत लेथ बसवला. माझ्या जबड्यांवरचे आकडे झिजले, तेव्हा त्यांनीच ग्राइंडरने खाचा पाडल्या: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. दर शनिवारी ते मला उतरवत, जबडे काढून रॉकेलने धूत आणि पोटात अडकलेला लोखंडाचा कीस जुन्या टूथब्रशने काढत. नंतर लेकीशी गप्पा मारत, माझ्याकडे न पाहता, बोटांनी खाचा मोजून जबडे बसवत. त्या बोटांचा मला केवढा अभिमान होता.

एका शनिवारी बोटे अडखळली. त्यांना दोन जबडे दोन-दोन खाचांचे लागले. एका खाचेत घाण घट्ट बसली होती आणि बोटांची टोके हल्ली बधिर झाली होती. चष्मा खणात होता, पण चष्मा लावायचा तर कमीपणा. त्यांनी अंदाजाने जबडे बसवले. माझ्या देखत आयुष्यात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी लेकीने शेजारच्या शिंप्याच्या मशीनची पुली माझ्यात धरली. ती अशी डुलली, की तिने घाईने लेथ बंद केला.

"बाबा, चक आउट आहे. मधोमध धरत नाही."

मालकांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "म्हातारा झालाय तो. नवा आण."

माझा संताप संताप झाला. इतकी वर्षे ज्याच्या हाताखाली राबलो, त्याने मला एका वाक्यात निकालात काढावे? मला तोंड नाही, नाहीतर तिथेच सुनावले असते.

नवा चक आला. मला भंगाराच्या पेटीत टाकायचे ठरले. पण लेक रॉकेलचा डबा घेऊन बसली.

"भंगारात जाणाऱ्याला आंघोळ कशाला घालतेस?" मालक म्हणाले.

"जाताना तरी स्वच्छ जाऊ दे की."

तिने सुईने एकेक खाच कोरली. एका जबड्यावरून काळा खडा निघून पडला आणि खाली तिसरी खाच चमकली. तिने जबडे पुन्हा क्रमाने बसवले, मला लेथवर चढवले, सरळ कांब धरली आणि तिचा डोल मोजणारा डायल लावला. त्याचा काटा जेमतेम हलला. मी श्वास घेत असतो, तर तेव्हा रोखून धरला असता.

"बाबा, चक आउट नव्हता."

मालकांनी माझ्यावर हात ठेवला. "नव्हता. मी होतो. त्या दिवशीच शंका आली होती मला, पण बोललो नाही."

लेक हसली नाही. तिने खण उघडून चष्मा त्यांच्या हातात दिला. "खाचा जरा खोल करूया का? बोटांना लागतील अशा."

"कर," ते म्हणाले. "आणि तो नवा राहू दे खोक्यात."

तो अजून खोक्यातच आहे. माझी त्याच्यावर खुन्नस नाही. माझे जबडे सरकवणारे आटे खरोखर झिजतील, त्या दिवशी मला खुशाल उतरवा, मी हूं की चूं करणार नाही. पण मित्रांनो, कुणालाही आउट ठरवण्याआधी त्याला नीट धुवा आणि मोजून पाहा. आणि तिसरी खाच लागत नसेल, तर अंदाज करू नका. चष्मा लावा.