पाणी आटले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुने पातेले आहे, ॲल्युमिनियमचे, एका बाजूने चेपलेले. कारखान्यातल्या यंत्राने एका दणक्यात मला आकार दिला आणि मी मावशींच्या संसारात आले. वर्षानुवर्षे दूध तापवले. पुढे घरात चकचकीत स्टील आले आणि माझी रवानगी ओट्याखालच्या अंधारात झाली.

एका हिवाळ्यात मावशींनीच मला बाहेर काढले. पाण्यात दालचिनी, लवंगा आणि संत्र्याची साल घालून मंद आचेवर ठेवले. घरभर असा दरवळ सुटला की त्यांची भाची म्हणाली, "मावशी, थंडी दारातूनच परत गेली बघ!" तेव्हापासून दर हिवाळ्यात माझा मान ठरलेला. मावशी संत्र्यांना लवंगा टोचत, वाळक्या पुदिन्याच्या पुरचुंड्या शिवून उशाशी ठेवत. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई मात्र वैतागत. "गिऱ्हाइकांच्या कपड्यांना तुमचा वास बसतो!" असे जिन्यातूनच सुनावत. मावशीही ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोघींचे बोलणे बंद झाले.

मग मावशींना ताप आला. तो उतरला, पण त्यांना वास येईनासा झाला. हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही. मला मात्र कळले. त्या माझ्यावर वाकल्या, खोल श्वास घेतला, पुन्हा घेतला आणि गुपचूप डोळे पुसले.

त्या दुपारी भाची तान्ह्या लेकीला मावशींवर सोपवून कामावर गेली होती. बाळ उबेसाठी स्वयंपाकघरातच झोपवले होते. मला गॅसवर ठेवून, दार लोटून मावशी बाहेरच्या खोलीत पुरचुंड्या शिवत बसल्या. त्या कामात त्यांना वेळेचे भान राहिले नाही.

पाणी आटत गेले. माझा तळ उघडा पडला. दालचिनी करपली, साल काळी पडली, धूर दाटू लागला. वर पुदिन्याच्या वाळक्या जुड्या टांगलेल्या होत्या. मला ना हात, ना तोंड! बाळ खोकले. पण नेमके तेव्हाच बाहेरचे दार धडधडले आणि तो खोकला त्यात बुडाला.

"मावशी, दार उघडा! काहीतरी जळतंय!" शिवणवाल्या बाई ओरडत होत्या.

"दालचिनी आहे ती!" मावशी आतूनच कडाडल्या. "आज नवीन खुसपट काढलंत का?"

"अहो, भांडायला नाही आले! तुम्हाला वास येत नाही का?"

मावशी उठून दाराशी आल्या. इकडे एक वाळके पान ज्योतीवर पडले आणि भुर्रकन पेटले.

"नाही येत," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कडी काढली.

बाई वाऱ्यासारख्या आत घुसल्या. त्यांनी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. मावशींनी बाळाला छातीशी धरले. गार वारा आत आला आणि बाळाने भोकाड पसरले. दोघी त्याला घेऊन खिडकीशी बसल्या.

"कुणाला सांगायचं नाही का?" बाईंनी विचारले.

"सांगितलं असतं, तर बाळ माझ्याकडे ठेवलं असतं का?"

बाईंनी बाळाचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "भाचीला सांगा. मी थांबते सोबत."

भाची रागावली, रडली. पण दुसऱ्या दिवशी बाळ घेऊन आलीच. शिवणवाल्या बाईही आपले काम घेऊन वर येऊन बसल्या.

मित्रांनो, कितीही घासले तरी माझा तळ आता काळाच राहणार. त्याचे दुःख नाही. मला आचेवर ठेवलेत तर जवळ थांबा. आणि घरातल्या माणसांच्याही इतके जवळ राहा की आपले काही हरवले, तर ते त्यांना लपवावेसे वाटणार नाही.