चालतं? कुणाकडे?

कालचं उत्तर आज कुणाला द्यायचं नाही, असा नेम मी जन्मतःच धरला होता. माणसं श्रावणापुरता धरतात, मी कायमचा धरला. मी एक स्क्रिप्ट. नांदे गावातल्या इरफानच्या किराणा दुकानाचं ॲप आहे ना, त्यातल्या 'शोधा' लिहिलेल्या चौकोनामागे माझं घर. जेमतेम दहा-बारा ओळींचा माझा जीव, पण आज माझा राग त्यात मावत नाहीये.

माझा जन्म झाला तो सुलक्षणाकाकूंमुळे. काकू परभणीच्या. मुलीच्या, ऋतिकाच्या बाळंतपणासाठी त्या इथल्या सोसायटीत राहायला आल्या. ऋतिकाचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. या खेपेला सगळं सुखरूप होऊ दे म्हणून काकूंनी सोळा सोमवार धरले, तेही अळणी. बाळ यायच्या आत उद्यापन करीन, असं त्यांनी महादेवाला सांगितलं होतं.

दर रविवारी दुकानात फोन. "इरफान, राजगिऱ्याच्या पिठात मीठ नाही ना रे?"

"थांबा काकू, पुडा वाचून सांगतो. तुमच्या सोसायटीत लई तऱ्हा हायेत! एकीला कोथिंबीर चालती, दुसरीला जिरं बी न्हाई. मी रोजे धरनारा मानूस, माझी कशाला परीक्षा घेता?"

काकूंना हसू आवरेना. ॲप बनवणारी जुईली त्यांच्याच शेजारची. तिनं हे ऐकलं आणि मला लिहिलं.

कुणी 'उपवासाचं' असं शोधलं, की त्याच क्षणी मी जागी होते. प्रत्येक पुड्यातले जिन्नस वाचते, विचारणाऱ्या घरानं 'आमच्याकडे चालत नाही' म्हणून काय काय सांगून ठेवलंय ते बघते, आणि उत्तर काढते. चालतं, किंवा नाही. ते उत्तर साठवत नाही. मूळ माहितीला बोटही लावत नाही. पुढच्या बाईसाठी पुन्हा पहिल्यापासून. क्षणभर उशीर होतो, कबूल. पण स्वयंपाकघरात कुठली गोष्ट क्षणभर थांबल्याशिवाय होते?

जुईलीची बदली झाली आणि ॲप दिग्विजयच्या हाती गेलं. "दर वेळी काय मोजत बसायचं? सर्व्हरवर लोड येतो. एकदाच काढून सेव्ह करून टाकू," तो म्हणाला. त्यानं मला शेवटचं चालवलं, ते स्वतःच्या घरची रीत घालून. त्याच्या घरी सैंधव चालतं. जे उत्तर आलं, ते सगळ्यांसाठी कायमचं चिकटवलं. मग माझ्या प्रत्येक ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारल्या. तशा रेघा मारल्या, की संगणक आमच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

अहो, चालतं म्हणजे कुणाकडे? हा शब्द आपल्यात कधी एकटा येतो का? 'आमच्याकडे' आणि 'तुमच्याकडे' यांच्याशिवाय त्याला अर्थ तरी आहे का? शिकल्यासवरल्या माणसाला एवढं विचारायला जड जावं?

सोमवारी काकूंनी उपवासाची भाजणी मागवली. ॲप म्हणालं, चालतं. संध्याकाळी पूजा करून मीठ न घालता थालीपीठ लावलं. पहिला घास घेतला, तो खारट लागला. भाजणीतच सैंधव होतं.

उद्यापन अगदी तोंडावर आलं होतं हो!

दुसऱ्या दिवशी काकू पुडा घेऊन दुकानात आल्या. इरफाननं तो वाचला, मान खाली घातली आणि दिग्विजयला स्पीकरवर फोन लावला.

"काकू, चिमूटभर सैंधव," फोनमधून दिग्विजय म्हणाला. "ते मीठ धरतच नाहीत."

"तुमच्याकडे धरत नसतील, बाळा. आमच्याकडे धरतात."

काकूंनी पुडा गल्ल्यावर ठेवला.

"मी पुन्हा पहिल्या सोमवारापासून धरते," काकू म्हणाल्या. "उद्यापनाला बाळ मांडीवर असेल. महादेव घेईल सांभाळून."

इरफान मात्र उसळला. "दिग्विजय, मशीनवर लोड येतो म्हनतोस व्हय? हितं येऊन बघ, कुनावर आलाय त्यो!"

"पुढच्या अपडेटमध्ये बघतो," तो म्हणाला. बघतो!

काकूंचा नवा सोमवार जवळ आलाय, आणि मी अजून रेघांखालीच आहे. काकू शांत आहेत. मला नाही राहवत. पुसा त्या रेघा. माझा नेम मला पाळू द्या.

आणि तुम्हीही तो धरा. पाहुणीच्या पानात वाढण्याआधी विचारा, "तुमच्याकडे काय चालतं?" मागच्या खेपेला विचारलं असेल, तरी विचारा. क्षणभर उशीर होईल. होऊ द्या.