तीन ठोके

मेल्विनने हेडफोन स्वतःच्या हाताने रुचिराच्या कानांवर चढवले, आवाज वाढवला आणि शाबासकीची वाट बघत तिच्या तोंडासमोर उभा राहिला.

आधी गिटार वाजली. मग ग्लेनिसचा साखरेत घोळलेला आवाज आला. आणि मग टण, टण, टण. थोडी जागा. पुन्हा टण, टण, टण.

रुचिराने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"हे कुठून आणलंस?"

"तुझ्याच डमीतून!" मेल्विन खूश होता. "तुझा आवाज काढला ना, तर मागे हे वाजत होतं. काय साउंड आहे यार. ड्रमवाला दहा वेळा बोलावला असता तरी असं मिळालं नसतं."

वाकोल्यातल्या मेल्विनच्या या दोन खोल्यांच्या स्टुडिओत रुचिरा अकरा वर्षं डमी गात होती. म्हणजे नवं गाणं आधी तिने गायचं, मुख्य गायिकेने ते ऐकून बसवायचं, आणि मग हिचा आवाज पुसून टाकायचा. गणपतीची, साईबाबांची, येशूची, सगळ्यांची गाणी तिने गायली होती आणि एकाही देवाच्या गाण्यावर तिचं नाव नव्हतं. आपलं नाव एकदा तरी छापून यावं, एवढंच तिला हवं होतं. तसं ती मेल्विनला दर वर्षी सांगायची आणि तो दर वर्षी मान हलवायचा.

'हिंमत धर' हा त्याचा नवा अल्बम. नऊ गाणी, नऊही धीर देणारी. खचू नकोस, रडू नकोस, पहाट होणारच आहे. रुचिराच्या ती पहिल्या दिवसापासून डोक्यात गेली होती. ज्याने जन्मात कुणाची घाण काढली नाही, त्यानेच ती लिहिली असणार अशी तिची खात्री होती.

"मूळ फाइलमध्ये हे जवळजवळ गाणंभर वाजतंय," मेल्विन सांगत होता. "फक्त शेवटच्या अंतऱ्याला बंद पडतं. म्हणून सुरुवातीचे तीन ठोके उचलले आणि शेवटपर्यंत लावून टाकले. आहे काय पण ते? भांडं?"

"फुलपात्र," रुचिरा म्हणाली. "शेजारी कुणीतरी वाजवत असेल."

शेजारी कुणी वाजवत नव्हतं. घाटकोपरच्या त्यांच्या खोलीत, पलंगावर पडून, तिची आई वाजवत होती.

लकव्याने सुगंधाबाईंची उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिला तो डावा हात. त्या हातात चमचा आणि उशाशी स्टीलचं फुलपात्र. दोन ठोके म्हणजे पाणी, तीन म्हणजे अंथरूण खराब झालं. हा हिशोब त्या दोघींना ठाऊक होता, आणि रुचिरा बाहेर गेली की आईपाशी बसणाऱ्या शकुमावशीला.

जानेवारीत आईला सोडून निघणं जमेना, तेव्हा रुचिराने डमी घरूनच पाठवायला घेतल्या. कपाटाचं दार उघडून, साड्यांत डोकं खुपसून, वर गोधडी घेऊन ती मोबाइलवर गायची. त्या दिवशीचं गाणं देवाच्या तोंडचं होतं. नुसती हाक मार, मी उठून येईन. पहिल्याच ओळीला तीन ठोके पडले. रुचिराला ते नीट ऐकू आले. पाठोपाठ वासही आला. पण सकाळपासून तिसऱ्यांदा गाणं अर्धवट सुटलं असतं, आणि या वेळी आवाज असा लागला होता की तिला स्वतःलाच नवल वाटलं. हा टेक ऐकला तर मेल्विन माझाच आवाज ठेवील, असं तिच्या मनात आलं आणि ती गात राहिली. आई वाजवत राहिली. शेवटच्या अंतऱ्याला ठोके थांबले, तेव्हा रुचिराला चक्क बरं वाटलं होतं.

गोधडीतून बाहेर येऊन बघते, तर आईने चमचा खाली ठेवून तोंड भिंतीकडे केलं होतं. चादर बदलताना तिने एकदाही लेकीकडे पाहिलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती गेली.

"काढून टाक ते," रुचिरा म्हणाली.

"वेडी झालीस? गाण्याचा जीव आहे तो. आणि ऐक, या वेळी तुझं नाव टाकतोय. 'ताल' लिहून त्याखाली. रुचिरा सावंत. फायनल."

खरं सांगितलं असतं, तर त्याने ते काढलं असतं का? छे. डोळ्यांत पाणी आणून त्याने तीच गोष्ट स्टेजवरून सांगितली असती. आजारी आई, गाणारी लेक, देवाची करणी. लोकांनी रुमाल काढले असते. पण हे सगळं ती स्वतःला सांगत होती. खरी गोष्ट एवढीच होती की नाव म्हटल्याबरोबर तिची जीभ टाळूला चिकटली होती. मेल्विनची तिला शिसारी आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

"सावंतमधल्या 'व'वर अनुस्वार दे नीट," ती म्हणाली आणि पर्स उचलून बाहेर पडली.

रविवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. रुचिरा एकटीच जाणार होती, पण शकुमावशीने दारातच गाठलं.

"माका पन घेवन चल गो. देवाचीच गाणी मा?"

नाही म्हणायला कारण सापडलं नाही. दोघी पाचव्या रांगेत मधोमध बसल्या. ग्लेनिसने स्टेजवरून उतरून रुचिराला मिठी मारली, "तू शिकवलंस म्हणून गायले" म्हणाली. पोरगी वाईट नव्हती. त्यामुळे रुचिराला आणखीच कसंसं झालं.

चौथं गाणं ते होतं. पडद्यावर उगवता सूर्य आला आणि स्पीकरमधून टण, टण, टण.

शकुमावशीने पिशवीत काहीतरी शोधत असलेला हात थांबवला. तिने रुचिराकडे बघितलं नाही. समोर बघत राहिली.

दुसऱ्या कडव्याला लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. तीन टाळ्या, थोडी जागा, तीन टाळ्या. दोनशे माणसं हसऱ्या चेहऱ्याने अंथरूण खराब झाल्याचं सांगत होती. रुचिराच्या नाकात तो वास आला, फिनेल, डेटॉल आणि त्याखालचा तो. तिने पदर तोंडाला लावला. गाणं संपलं की पडद्यावर नावं येणार होती. तेवढं बसायचं, असं तिने ठरवलं होतं.

मग शेवटचा अंतरा आला. इथे आई थांबली होती. रुचिराने श्वास सोडला. तिच्या कानांना इथली शांतता पाठ होती.

टण, टण, टण.

"आले गं," असं म्हणत रुचिरा उभी राहिली.

ती उभी राहिलेली बघून मागची रांग उभी राहिली. मग त्यामागची, मग बाजूची. आता उठायचं असतं, असं वाटून बघता बघता सगळा हॉल उठला. हात वर करून लोक टाळ्या देऊ लागले. स्टेजवर ग्लेनिसला रडू फुटलं. मेल्विनने रुचिराकडे बघून अंगठा दाखवला.

शकुमावशी तेवढी बसून होती. तिने पिशवी उचलून पोटाशी धरली आणि गुडघे बाजूला वळवून रुचिराला जायला वाट करून दिली.