कोऱ्याचं तोंड

सांगलीतल्या त्या प्रदर्शनातून नानासो मगदुमांना काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. हळदीचे व्यापारी म्हणून अख्खी पेठ त्यांना ओळखत होतीच. आता चित्रकार म्हणून ओळखणार होती. अमेरिकेहून आलेली डॉक्टर क्षमा त्यांचं नाव तिकडच्या संग्राहकांच्या मासिकात छापून आणणार होती. शिवाय धाकट्या मुलीच्या सोयरिकीत ‘वडील कलावंत आहेत’ एवढं एक वाक्य वाढणार होतं, आणि ते वाक्य बऱ्याच तोळ्यांचं काम करतं. खर्चाच्या बाजूला नानासोंनी काहीच धरलं नव्हतं.

त्यांच्या छापखान्यातून चौसष्ट ते अडुसष्ट सालात ‘उल्कावीर’ नावाचं चित्रमासिक निघायचं. उल्कावीर उडायचा, पूल पेलायचा, बुडती नाव एका हाताने काठाला लावायचा. मुखपृष्ठावर ‘कथा व चित्रे : नानासो मगदूम’. आता नानासोंना सरळ रेघ मारायची तर फूटपट्टी धरायला दुसरा माणूस लागे. चित्रं काढायचे साताऱ्यातल्या एका शाळेचे चित्रकलाशिक्षक अनंत शिधये.

पहिल्या अंकाच्या पहिल्या पानावर, खाली कोपऱ्यात, अनंत मास्तरांनी मुंगीएवढी सही केली होती. पान एस.टी.च्या पार्सलातून परत आलं. सोबत चिठ्ठी : सही पांढऱ्या रंगाने झाकावी, मासिक आमचं आहे. मास्तरांनी रागाने ब्रश खाली आपटला, म्हणून रंग त्यांच्या बायकोनं, उमाबाईंनी लावला. बाईंचा हात असा, की छपाईचा ब्लॉक करणाऱ्याच्या डोळ्यालाही तिथं काही होतं हे कळलं नाही.

त्याच आठवड्यात कोऱ्या जन्माला आला. उल्कावीराचा वैरी. त्याला डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. टोपीखाली नुसता पांढरा सपाट चेहरा, तो रंगही दर पानावर उमाबाईच भरायच्या. साताऱ्याची पोरं उल्कावीराचे अंक घ्यायची आणि कोऱ्याला घाबरून अंथरूण ओलं करायची. ही कल्पना आपल्याला आंघोळ करताना सुचली, असं नानासो चार लोकांत सांगत.

मासिक बंद पडलं. मूळ पानं नानासोंनी तेव्हाच कोडी सोडवणाऱ्या पोरांना बक्षीस म्हणून वाटून टाकली होती. रद्दीच ती, त्यांच्या मते. मग शहात्तर साली क्षमा आली. ती मूळची मिरजेची, शिकागोत डॉक्टरकी करणारी, आणि छंद हा, की साठच्या दशकातल्या उडणाऱ्या वीरांची हाताने काढलेली मूळ पानं जमवायची.

“तिकडंही कंपन्यांनी ती फाडली, वाटली, नाहीतर जाळली,” ती म्हणाली. “आता लोक त्यांच्यासाठी गावं पालथी घालतात. छापलेल्या अंकात रेघ मेलेली असते, काका. मूळ पानावर खालची पेन्सिल दिसते, झाकलेल्या चुका दिसतात. मला त्या चुकाच बघायच्या असतात. तुमची पानं असतील ना?”

“हायेत की,” नानासो म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी जीप काढली.

फलटण, कऱ्हाड, वाई, सगळीकडं हिंडले. साताऱ्यात सुभेदार हंबीरराव निवृत्त होऊन बसलेले. त्यांच्या भिंतीवर मेडलांच्या शेजारी एक पान लटकत होतं.

“पोराचं बक्षीस हाय ते,” सुभेदार म्हणाले. “कोऱ्याच्या मुस्कटात हाणतोय बघा. लय ग्वाड वाटतं बघायला.”

“त्याच्या जागी भिंतीवरचं घड्याळ देतो. नवं.”

“टायम बघून आता कुठं हजर व्हायचंय मला?”

“वर एक पोतं हळद.”

“आवं, आमी काय दर आठवड्याला लगीन काढतोय व्हय?”

शेवटी घड्याळावर जमलं. पण बातमी फुटली, आणि पोरं जुने अंक काचेवर ठेवून गिरवू लागली. खरी पानं कुठली, खोटी कुठली, नानासोंना कळेना. मग आठ वर्षांनी त्यांना अनंत मास्तरांची आठवण झाली.

मास्तरांनी बसायला खुर्ची दिली. उमाबाईंनी चहा दिला.

“सोपं आहे,” मास्तर म्हणाले. “ओला कापूस फिरवा. पोरं दौतीची शाई वापरतात, ती पसरेल. माझी काळी शाई पक्की. काळी रेघ तसूभर हलणार नाही.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. नानासोंनी घरी येऊन प्रत्येक पानाच्या चौकटीच्या रेघेवर कापूस फिरवला. खोटी गेली, खरी राहिली. खऱ्यांची गिनती एकतीस.

“एक पान माझ्याकडं आहे,” निघताना मास्तर म्हणाले होते. “पहिल्या अंकाचं शेवटचं. पानभर नुसता कोऱ्या. प्रदर्शनाला घेऊन येतो.”

जीप गेल्यावर उमाबाई म्हणाल्या, “अजून विसरला नाहीत.”

“कसा विसरू? त्यानं माझं नाव पांढरं केलं.”

“मग नाव मागा. ते सोडून हे कशाला?”

बाई कपबशा उचलून आत गेल्या.

हळदपेठेत नानासोंची एक रीत प्रसिद्ध होती. कुणी सख्ख्या भावानं माल आणला तरी चार माणसांदेखत हळकुंड मोडायचं, आतला रंग बघायचा, डावा डोळा अर्धा मिटायचा आणि मग भाव बोलायचा. तो अर्धा मिटलेला डोळा अख्ख्या सांगलीला पाठ होता. मास्तरांना तर फारच.

वाचनालयाचा हॉल भरला होता. भिंतीवर एकतीस पानं. व्यापारी, वकील, ठरू घातलेले व्याही. क्षमा प्रत्येक पानाला नाक लावून बघत होती. हार घालून झाले तेव्हा मास्तर उमाबाईंना घेऊन आत आले आणि गुंडाळी उलगडून टेबलावर ठेवली. हातभर लांबीचं पान, त्यावर तो पांढरा चेहरा. मोठी माणसंसुद्धा जरा मागं सरली.

“बाप रे,” क्षमा हळूच म्हणाली. “असं मी तिकडंही पाहिलं नाही.”

नानासोंचा डावा डोळा अर्धा मिटला. बारा वर्षं डूख धरलेला माणूस इतकं चांगलं पान फुकट आणतो, म्हणजे हे गिरवलेलं असणार. ते क्षमानं आधी ओळखलं तर आपली शोभा.

“मास्तर, रागावू नका,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “हळकुंड मोडल्याबिगर आमी गोणीला हात लावत न्हाई.”

“मोडा की,” मास्तर म्हणाले. “पण काठावर काय, कुणीही चांगली शाई लावेल. मधोमध मोडा.”

वाटी आली, कापूस आला. नानासोंनी चेहऱ्याच्या मधोमध कापूस दाबून फिरवला. काळी रेघ हलली नाही. पांढरा रंग मात्र दुधासारखा ओघळला, आणि खालून पक्क्या शाईतली आणखी रेघ वर आली. आधी मिशी. मग नाकाशेजारचा मस. नानासो घाबरून पुसत सुटले, आणि पुसतील तसं जास्तच दिसू लागलं. शेवटी डावा डोळा आला, अर्धा मिटलेला.

पहिल्यांदा कोण हसलं ते कळलं नाही. मागून एक अडत्या म्हणाला, “नानासो, भाव काय काढला रं गड्या?”

क्षमानं पानाकडं बघितलं, मग नानासोंकडं.

“काका, हे तुम्हीच काढलंत ना?”

प्रश्न साधा होता. हो म्हणावं, तर स्वतःचं तोंड खलनायकाला आपणच दिलं. नाही म्हणावं, तर मुखपृष्ठावरचं नाव खोटं. व्याह्यांनी पानसुपारीचा डबा मिटला. मास्तर हाताची घडी घालून उभे होते. मासिक चाललं तेवढी वर्षं त्यांनी दर पानावर आधी तो चेहरा काढला होता, आणि बारा वर्षं या एका क्षणाची वाट बघितली होती.

“माझ्या हातचं न्हाई,” नानासो म्हणाले. “ह्या मास्तरांचं. सगळीच.”

क्षमानं डायरीत ‘अनंत शिधये’ लिहिलं. मास्तरांनी वेलांटी नीट बघून घेतली.

पण हॉल आता ऐकेना. कुणी रुमाल भिजवले, कुणी उपरण्याचं टोक. “इथं पण हायेत का बघा,” करत लोक भिंतीला भिडले. मास्तर ओरडले, “पुरे झालं, हात लावू नका,” पण ते कुणी मनावर घेतलं नाही. एकतिसातल्या एकतीस पानांवरचा कोऱ्या धुऊन निघाला. सगळीकडं नानासो, कुठं पळताना, कुठं मुस्कटात खाताना. लोक पोट धरून हसत होते. घाबरत कुणीच नव्हतं.

क्षमानं एकही पान नेलं नाही.

“रेघ सुंदर आहे,” ती मास्तरांना म्हणाली. “पण भीती वाटत होती ती त्या पांढऱ्याची. इतका सपाट थर मी कुठं बघितला नव्हता. तोही तुमचाच हात?”

मास्तर डायरीतल्या आपल्या नावाकडं बघत राहिले. उमाबाई टेबलाजवळ उभ्या होत्या. समोरच्या वाटीतलं पाणी पांढरं झालं होतं. झाडणाऱ्या बाईनं ते उचलून खिडकीतून ओतलं.

तर हिशेब असा. नानासोंनी नाव दिलं, आणि त्या सालची सोयरीकही घालवली. पण हळद पूर्वीसारखीच विकत राहिले. मास्तरांना नाव मिळालं, डायरीतल्या एका ओळीत. बाकी सगळं भरलं ते उमाबाईंनी, आणि त्यांचं कुणाकडं काही येणंही नव्हतं.