खालचा सूर

त्या वर्षी घशाच्या ऑपरेशननंतर माझा आवाज पार घोगरा झाला. डिसेंबर लागला आणि शाळेच्या हॉलमध्ये नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू झाला. तीस वर्षं ज्या रांगेत गायले ती मला सोडवेना. म्हणून मी गेले, पण नुसते ओठ हलवायचं ठरवून.

पहिल्याच गाण्यात आमची खालच्या सुराची रांग वरच्या रांगेच्या चालीत वाहवत गेली. गाणी बसवणाऱ्या पोस्टमनकाकांनी हात थांबवला.

"बायांनो, आज कोण गात नाहीये?"

शेजारी उभ्या माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "ही. घरात हिचं मी कधी ऐकलं नाही, पण इथे हिचं ऐकूनच सूर लावते."

"आम्हीपण," मागच्या दोघी म्हणाल्या.

मी म्हणाले, "काका, आवाज घोगरा झालाय. ऐकवत नाही."

"घोगरा चालेल. सूर तर शाबूत आहे ना?"

मी गायले. खरखरीतच, पण सूर जागच्या जागी लागला. जाऊबाईंनी तो धरला, मग मागच्या दोघींनी. रांग सावरली आणि वरच्या रांगेशी इतकी छान जुळली, की हसू आवरत मला पुढची ओळ म्हणावी लागली.

त्या डिसेंबरात मी एकही सराव चुकवला नाही.